माझ्या व्हॅनला पुढचा ॲक्सल आहे याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख
(आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते)

गुहागर, जि. रत्नागिरी
१८ सप्टेंबर २०२५

विषय: फोर बाय फोर व्हॅनला फोर बाय टूचा क्राउन-पिनियन बसवल्यामुळे ट्रान्सफर केस फुटल्याबाबत.

संदर्भ: १२ मेचं जॉब कार्ड आणि बिल. तक्रार क्रमांक तीन आहेत, कारण दर फोनला तुम्ही नवा देता.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ‘वरिष्ठ तांत्रिक सल्लागारां’शी बोलणं झालं. त्यानंतर फोन करायचा नाही असं ठरवलं, म्हणून हे पत्र. गाडी २००९ ची आहे, तुमच्याच कारखान्यातून फोर बाय फोर म्हणून निघालेली, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना; फोर बाय टूमध्ये ती दोनच चाकांना जाते. ती कशी आहे हे तुम्हाला सांगायची गरज पडू नये. पण कालच्या फोननंतर त्याचीही खात्री राहिली नाही.

आधी घडलं ते सांगतो. मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या दातचाकांच्या डब्यातून, वर्षभर घरघर येत होती. तो दोष मी तुमच्या माथी मारत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा बहिणीचं घर पाण्यात होतं. दुसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन मी याच गाडीने गेलो आणि ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गेलो. घरी येऊन डिफचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), पुढचं डिफ, मागचं डिफ, चारही ठिकाणची ऑइलं बदलली, ब्रीदरचे (आतली हवा बाहेर सोडणारे) पाइप वर बॉनेटपर्यंत चढवले. तरी बेअरिंगला जे व्हायचं ते झालं असणार. सोळा वर्षं कोकणच्या खाऱ्या हवेत काढलेली गाडी आहे. दर डिसेंबरात खालून गोड्या पाण्याने धुतो, गंज खरवडतो, रंग मारतो. तेवढं केलं नाही तर इथे चेसिस बिस्किटासारखी होते.

तर १२ मे रोजी तुमच्या अधिकृत सेंटरने मागचा क्राउन-पिनियन सेट, म्हणजे डिफमधली दातचाकांची जोडी, बदलला. अस्सल कंपनीचा भाग, मजुरीसकट ३८,४०० रुपये, सुट्या भागांना ६ महिन्यांची वॉरंटी. बिलावर तसं छापलेलं आहे.

गाडी घेऊन निघालो तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं. घाटात ओढ कमी. मीटर ५० दाखवायचं तेव्हा मोबाईल ५५ दाखवायचा. सुपरवायझरना फोन केला तर म्हणाले, ‘‘मोबाईलचं नेटवर्क असेल हो काका.’’ नेटवर्कने गाडीचा वेग बरोबर दहा टक्क्यांनी वाढतो हे मला नवीन होतं. गुहागरात नेटवर्क मुळात असतं कधी, हाही प्रश्न आहेच.

६ जुलैला, आषाढी एकादशीला, आम्ही चौघे एका मित्राच्या कलमांच्या बागेत निघालो. रस्ता म्हणजे आधी लाल चिखल, मग पऱ्या (ओहोळ), मग जांभ्याच्या कातळावरून उभी चढण. फोर व्हील टाकली. चिखलात काही कळलं नाही, कारण चिखलात चाकं घसरतात आणि सगळी पापं लपतात. कातळावर आल्यावर स्टिअरिंग जड झालं, गाडी मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी अडखळायला लागली. लीव्हर परत टू व्हीलमध्ये येईना. लो (सावकाश पण जास्त ताकदीचा गिअर) टाकून चढ संपवावा म्हटलं, आणि खालून धाड्‌दिशी आवाज आला. ट्रान्सफर केसची चेन तुटली होती आणि केसला बोटभर तडा. पावसात, कातळावर, उपासाच्या दिवशी चार म्हातारे साबुदाण्याची खिचडी खात ट्रॅक्टरची वाट बघत बसले.

आमच्या मिस्त्रींनी गाडी घोडीवर चढवली. ते कॉम्प्युटर वापरत नाहीत. खडू वापरतात. पुढचं एक चाक धरून ठेवलं, दुसरं दोन फेरे फिरवलं (एक धरलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक), आणि प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण करून शाफ्टचे फेरे मोजले: चाराहून थोडे जास्त. मागे तसंच केलं: पावणेचार. मग कव्हर काढून दात मोजले. पुढे ४१ ला १०, म्हणजे रेशो ४.१०, चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे तेवढे फेरे. मागे तुम्ही बसवलेला ४१ ला ११, म्हणजे ३.७३.

याचा अर्थ तुमच्या इंजिनिअरला सांगायला नको, पण तो हे पत्र वाचणार नाही, म्हणून सांगतो. ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते. शाफ्ट सारखे फिरले आणि रेशो वेगळे असले, तर पुढची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात मागची ११० मीटर जायला बघतात. चिखलात ते खपतं. कातळावर कोणीतरी मोडतं. मोडली ती ट्रान्सफर केस. माझ्या गाडीचा मूळ रेशो दोन्हीकडे ४.१० होता. ३.७३ तुमच्या फोर बाय टू व्हॅनला येतो. तुमच्या पार्ट विभागाने चेसिस नंबर टाकला, तुमच्या सिस्टिमने ‘फोर बाय टू’ सांगितलं, तुमच्या फिटरने बसवला. गाडीखाली आडव्या पडलेल्या त्या फिटरच्या नाकासमोर पुढचा ॲक्सल होता. त्यालाही काही वाटलं नाही.

आता फोनबद्दल.

पहिल्या फोनवर मराठीसाठी ३ दाबला, हिंदी लागलं. ते सोडा. त्या मुलीने विचारलं, ‘‘सर, फोर व्हील है ना? चारों पहिये घूम रहे हैं?’’ म्हटलं, फिरतायत. ‘‘फिर तो फोर व्हील चालू है सर.’’ आणि तक्रार बंद झाली. तिच्यावर माझा राग नाही. तिला कोणी शिकवलंच नसेल.

दुसरा फोन आपोआप कट झाला. दोनदा.

काल मात्र वरिष्ठ तांत्रिक सल्लागार स्वतः बोलले, मराठीत. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे माझ्या गाडीचा रेशोच. मी मुद्दाम गाडीजवळ जाऊन बसलो होतो, काही विचारलं तर बघून सांगता यावं म्हणून. रेशो सांगितले, दात सांगितले, खडू सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सर, तुमच्या गाडीला पुढे डिफरन्शियल नाहीये.’’

मी म्हटलं, मी आत्ता त्याच्यासमोर उकिडवा बसलोय.

‘‘सिस्टिममध्ये दाखवत नाहीये सर.’’

फोटो पाठवू का?

‘‘त्या मॉडेलला पुढच्या ॲक्सलखाली फोटो अपलोड होत नाही सर. तो पर्यायच येत नाही.’’

मग हे खाली लटकतंय ते काय आहे, साहेब?

इथे ते थोडे थांबले. मला वाटलं, कोणालातरी विचारतायत. जुनं माणूस कोणी असेल, या गाडीवर काम केलेलं, ते सांगेल की बाबा, काढल्या होत्या आपण अशा गाड्या. पण ते परत आले आणि म्हणाले, ‘‘सर, ते तुम्ही बाहेरून बसवलं असेल.’’

मी काही बोललोच नाही. मग त्यांनी समजावणीच्या सुरात पुढे सांगितलं, ‘‘बाहेरून ॲक्सल बसवणं बेकायदेशीर आहे सर. आरटीओची कारवाई होऊ शकते. आम्ही तुमच्या भल्यासाठी सांगतोय.’’

अहो, निवृत्त बँक कर्मचारी मी. माझ्या अंगणात नारळ सोलायची मशीन धड चालत नाही. मी तिथे बसून चेसिसवर ब्रॅकेट वेल्ड केले, ट्रान्सफर केस घडवली, गिअरशेजारी दुसरा लीव्हर काढला, त्यावर तुमच्या कंपनीचं चिन्ह कोरलं आणि मग तुम्हाला फसवायला फोन केला, असं तुमचं म्हणणं आहे. एवढं जमलं असतं तर मी व्हॅनचा कारखानाच काढला असता, आणि माझ्या सिस्टिममध्ये निदान माझी गाडी सापडली असती.

फोन ठेवण्याआधी त्यांनी नवीन गाडीवरच्या एक्स्चेंज बोनसची माहिती दिली. फोर बाय टू. नंतर मेसेज आला, या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल.

तुम्ही काय उत्तर द्याल तेही मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. होय, मी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला आहे. पुढे विंच आहे, खाली चार मिमीचा पत्रा आहे. काहीही लपवत नाही. पण पाटा वाढवल्याने क्राउनचे दात बदलत नाहीत. टायर पाचही एकाच मापाचे, कंपनीने सांगितलेल्याच मापाचे आहेत; फोर बाय फोरला दोन नवे दोन जुने घालायचे नसतात एवढी अक्कल आहे. गाडीत परस्पर बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मलाही वाचता येतं. मूळ उत्पादकाने दिलेला ॲक्सल हा बदल होत नाही. मूळ उत्पादक विसरला, तरी होत नाही. गेल्या वर्षी पंधरा वर्षं झाली तेव्हा ५,००० रुपये फी भरून नोंदणीचं नूतनीकरण केलं. निरीक्षकांनी वाकून चेसिस नंबर पाहिला, खालून गाडी पाहिली. त्यांना पुढचा ॲक्सल दिसला. सरकारी माणसाला दिसला, साहेब.

(आणखी एक, कारण तुमच्या माहितीपत्रकात ही गाडी समुद्राच्या लाटांतून पाणी उडवत जाताना दाखवली होती. मी एकदाही किनाऱ्यावर गाडी घातलेली नाही. आमच्याकडे त्या वाळूत कासवं अंडी घालतात, आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की काय होतं ते तुमच्या जाहिरातवाल्यांना सांगा कोणीतरी.)

यंदा गणपती टेम्पोतून आणला. भाड्याच्या. २००९ पासून प्रत्येक वर्षी तो याच व्हॅनमधून आला, मधल्या सीटवर, मांडीला मांडी लावून. मुंबईहून आलेली पोरं स्टँडवरून आणायला शेजाऱ्याचे पाय धरले. याचे पैसे मी मागत नाहीये, मागता येणार नाहीत. पण दोन जणांनी माझी गाडी बघून तुमच्या गाड्या घेतल्या आहेत. पुढे जो कोणी विचारेल त्याला मी कालचं संभाषण आहे तसं ऐकवणार. रेकॉर्डिंग आहे. तुमचंच वाक्य होतं, ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे’. मीही केला.

मला काय हवंय ते:

मागच्या डिफला ४१:१० चा योग्य सेट, मजुरीसकट विनामूल्य. ट्रान्सफर केस नवी, दुरुस्त केलेली नाही, कारण तडा वेल्ड करून चालत नाही. टो आणि ट्रॅक्टरचे ६,५०० रुपये, पावत्या जोडल्या आहेत. आणि माझ्या चेसिस नंबरपुढे तुमच्या सिस्टिममध्ये ‘फोर बाय फोर’ असं लिहून त्याची प्रत. ही शेवटची गोष्ट लेखी हवी. बाकी पैशाने सुटेल. ती दुरुस्त झाली नाही तर उद्या सील मागवलं तरी फोर बाय टूचंच येईल, आणि परवा मी पुन्हा कोणालातरी सांगत बसेन की माझ्या गाडीला पुढचा ॲक्सल आहे.

सोबत २००९ च्या मूळ खरेदी बिलाची झेरॉक्स जोडली आहे. त्यावर तुमच्या विक्रेत्याच्या शिक्क्याखाली ‘४ x ४’ स्वच्छ लिहिलेलं आहे. पुढच्या ॲक्सलचे सहा फोटोही आहेत. ते अपलोड करायचे नाहीत, नुसते बघायचे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस देतो. त्यानंतर आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, मग रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथे तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी पडत नाही. वेळ माझ्याकडे भरपूर आहे. निवृत्त आहे आणि गाडी बंद आहे.

तुमचा माणूस बघायला पाठवणार असाल तर अवश्य पाठवा. रत्नागिरीहून येणार असेल तर जयगड–तवसाळ फेरीबोट जवळ पडेल. येताना सोबत खडू आणावा.

आपला,
सोळा वर्षांचा ग्राहक

ता. क. काढलेला जुना क्राउन-पिनियन मला परत दिलेला नाही. जॉब कार्डवर ‘जुने भाग ग्राहकास परत’ असं लिहून माझी सही घेतली होती. तो ४१:१० होता, म्हणजे पुरावाच. भंगारात घातला असेल तर त्या भंगारवाल्याचं दुकान कुठे आहे तेवढं कळवा. तुमच्यापेक्षा त्याच्याकडे तो सेट सापडण्याची शक्यता जास्त आहे.