गाडी येईपर्यंत फोन ठेवू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या डिसेंबरात एका पहाटे माझे बाबा पलंगावरच कोसळले. मी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडून विचारलं, "श्वास चालू आहे का?" मी म्हटलं, "आहे, घोरताहेत." "गाडी पाठवतो," एवढं बोलून फोन बंद झाला. आम्ही तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं, आईनं कांदा फोडून नाकाशी धरला. छाती दाबायचं कुणाला सुचलं नाही. गाडी आली तोवर बाबा गेले होते.

तो श्वास नव्हता, हे मला आत्ता कळलं. इंदुरातल्याच एका खाजगी रुग्णालयाच्या कंट्रोल रूममध्ये मी तातडीचे फोन घ्यायचं प्रशिक्षण घेते आहे. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो, आणि घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे. म्हणून आम्ही विचारतो, शुद्धीवर आहेत का? नेहमीसारखा श्वास घेताहेत का? सांगणारा अडखळला तर म्हणायचं, "छातीकडे बघा, श्वास घेतला की दर वेळी 'आता' म्हणा." दोन वेळच्या 'आता'मधलं अंतर आम्ही मोजतो. शुद्ध नाही आणि श्वासही नीट नाही, असं कळलं की छाती दाबायला लावायचं. मेंदूला इजा व्हायला चार-सहा मिनिटं पुरतात, आणि इंदूरच्या रस्त्यांवरून तेवढ्यात गाडी पोचणं अवघड.

आमच्या शिक्षिका शेजारच्या खोलीतून फोन करतात आणि घाबरलेल्या नातेवाइकासारख्या ओरडतात, रडतात. पहिल्या आठवड्यात मी दर वाक्याला "घाबरू नका" म्हणायचे. त्यांनी ते बंद करायला लावलं. आता एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा पुन्हा म्हणायचं: "काकू, त्यांना वाचवायचंय, त्यांना जमिनीवर घ्या." तिसऱ्या-चौथ्या वेळी समोरचं माणूस खरंच ऐकायला लागतं. जमिनीवर अशासाठी, की पलंगावर दाबलं तर गादीच दबते. मोठ्या माणसाची छाती मधोमध किमान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मी आधी सरळ आकडे मोजत गेले, तर 'एकोणीस'पाशी ताल चुकला. आता एक-दोन-तीन-चार, परत एक-दोन-तीन-चार. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून घरात आणखी कोण आहे हेही विचारून ठेवायचं.

फोनवर ठरावीक प्रश्न विचारून मदत सांगायची ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला डॉ. जेफ क्लॉसन यांनी बसवली. आपल्याकडे मात्र लोक प्रश्नांवर चिडतात, "आधी गाडी पाठवा!" आमच्याकडे पत्ता कळला की शेजारच्या टेबलावरून गाडी सुटलेली असते. प्रश्नांमुळे ती थांबत नाही.

पत्ता मात्र आपण नीट सांगत नाही. सरावाच्या फोनवर एक मराठी आजी "अहो, राजवाड्याच्या मागं, आपलं दत्ताचं देऊळ नाही का" एवढंच सांगत होत्या. एरवी त्या उत्तम हिंदी बोलतात, पण घाबरलं की तोंडून मराठीच येतं. माझं निभावलं, पण १०८ ला लावलेला फोन भोपाळला लागतो, सुमारे दोनशे किलोमीटरवर. तिथल्या माणसाला आपलं देऊळ कुठून माहीत असणार? कॉलनी, गल्ली, घर नंबर आणि ड्रायव्हरला रस्त्यावरून दिसेल अशी एक खूण, हे हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. रात्री एकानं कोपऱ्यावर उभं राहून गाडीला हात दाखवावा.

रुग्णवाहिका चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी कळकळीची विनंती आहे. फोन घेणाऱ्याला छाती दाबायला सांगण्याचं शिक्षण द्या आणि गाडी दारात येईपर्यंत त्याला फोन ठेवू देऊ नका. आणि इंदूरच्या मराठी मंडळांनी येत्या गणेशोत्सवात एक तास यासाठी ठेवावा. सरावाचा पुतळा आणायची जबाबदारी माझी. रविवारी मला सुट्टी असते. ज्या मंडळाला हवं असेल त्यानं तुमच्या संपादकीय कार्यालयामार्फत मला कळवावं.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर