10 एक्सच्या बाटलीसाठी थँक्यू, ताई

प्रिय ताई,

व्हॉट्सॅपवर थँक्यू म्हटलं की तू नुसता अंगठा टाकून मोकळी होतेस, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चिडू नकोस.

लॅबमध्ये आलो तेव्हा मला वाटायचं नियम म्हणजे काय तर कोट घाला, ग्लोव्हज घाला आणि सरांच्या आधी या. आमच्या लातूरच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला सोल्युशन्स आयती मिळायची, आपण फक्त ओतायचं. इथे पहिल्याच दिवशी तू सांगितलंस की ग्लोव्हज घालून दाराची कडी धरायची नाही, मोबाईल तर नाहीच नाही, काही संपत आलं की बोर्डवर लिहायचं आणि लेबलवर काय, किती एक्स (म्हणजे वापरायच्या पेक्षा किती पट तीव्र), तारीख, नाव हे सगळं पाहिजे. मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

मग तो शुक्रवार. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची होती, घाईघाईत एक लिटर पीबीएस (सेल्स धुवायचं खारट बफर) केला, 10 एक्स, जो पाणी घालून 1 एक्स करूनच वापरायचा, म्हणजे मीठच 80 ग्रॅम (1 एक्सला 8 लागतं), ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक झाल्या झाल्या बाटलीवर नुसतं 'पीबीएस' खरडलं, कल्चर रूमच्या रॅकवर ठेवली आणि पळालो. सोमवारी तिघांनी तो 1 एक्स समजून तसाच वापरला आणि तिघांच्या सेल्सच्या प्लेट्स गेल्या. मायक्रोस्कोपखाली सेल्स मनुक्यासारख्या आकसलेल्या. कोणी म्हणे मीडिया (सेल्स ज्यात वाढतात ते द्रावण) खराब, कोणी म्हणे इनक्युबेटरचा सीओटू गेला, आणि मला दुपारीच कळलं होतं गं, तरी मी संध्याकाळपर्यंत गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते, बाटलीपेक्षा जास्त.

तू काही बोलली नाहीस. त्या बाटलीतला एक थेंब काचेच्या स्लाईडवर टाकलास, शेजारी 1 एक्सचा एक, आणि वाळू दिलेस. एकाचा पुसट डाग राहिला, दुसऱ्यावर पांढरं जाड पापुद्र्यासारखं मीठ. अक्षर तर तू ओळखलंच असणार. मला चहाला नेलंस आणि म्हणालीस, "सरांना मी सांगणार नाही. उद्या मीटिंग सुरू व्हायच्या आधी तू सांगायचं."

रात्री मी नोटबुक काढलं तर शुक्रवारची नोंदच नव्हती. म्हटलं आत्ता लिहून तारीख शुक्रवारची टाकतो, कोणाला कळतंय. तू पेन धरलंस माझं. "आजची तारीख टाक, आणि लिही की शुक्रवारचं काम आज लिहितोय." मला तेव्हा तो खडूसपणा वाटला, खरंच सांगतो. आता कळतं की एकदा तारीख फिरवली की उद्या ग्राफमधला नको असलेला पॉइंट उडवायला हात अडत नाही.

मीटिंगमध्ये सर जे बोलले ते बोलले, ते सोड. पण नुसतं सॉरी म्हणून तू मला सोडलं नाहीस, लिक्विड नायट्रोजनमधून गोठवलेल्या सेल्सच्या नवीन व्हायल्स काढून तिघांच्या सेल्स माझ्याकडून वाढवून घेतल्यास. आठवडा गेला त्यात, आणि दोन रविवार तू पण माझ्यासोबत बसलीस, तुझी थीसिस डोक्यावर असताना.

ऑथरशिपचं पण लिहायचं होतं. तुझ्या पेपरला मी बफर केले, ब्लॉट धुतले, तरी नाव शेवटच्या आभारात, आणि जो मुलगा अर्ध्यात सोडून गेला त्याला ऑथर केलंस, त्याला ड्राफ्ट पाठवून दुरुस्त्या मागवल्यास, फायनलला त्याचा होकार घेतलास. मी दोन दिवस फुगून बसलेलो. नंतर तूच समोर बसवून ऑथर कोणाला म्हणायचं याच्या मेडिकल जर्नलवाल्यांच्या कमिटीच्या चार अटी वाचून दाखवल्यास, चारही पाहिजेत म्हणे, आणि त्या फिगर्सबद्दल उद्या कोणी प्रश्न विचारला तर तू उत्तर देशील का असं विचारलंस. नसतं देता आलं.

आता मी सीनियर झालोय, विश्वास ठेव अगर नको ठेवूस. नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी त्या दोन थेंबांची स्लाईड करून दाखवतो, बाटली कोणाची होती तेही सांगतो. हसतात, पण लेबल लावतात.

बाकी एक राहिलंच. जाताना आपला फ्रीझर बॉक्स रिकामा करून जायचा हा नियम तूच केलेलास ना? मायनस 80 च्या फ्रीझरमध्ये खालच्या रॅकला तुझे दोन बॉक्स आहेत अजून, एकावर लेबल गळून पडलंय. टाकू का ठेवू ते मेल कर.

तुझा,
10 एक्सवाला