पेनड्राइव्ह आधी माझ्या हातात देणाऱ्या पोरीला

बेटा,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण चार लोकांसमोर आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पीक विम्याचे शेवटचे दिवस म्हणजे आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यात काय असतं, ते तू पाहिलंस. अर्ज भरून घ्यायला माझ्या ओट्यावर माणसं बसलेली, कोणाच्या हातात सातबारा, कोणाच्या हातात पासबुक. त्यात लाईन जाते, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. लाईन आली की मशीन पहिल्यापासून सुरू करा, आणि ते दोन मिनिटांवर नुसतं थांबून राहणार. तोवर कधीकधी लाईन पुन्हा गेलेली. "काहून भाऊ, झालं नाही का अजून?" ऐकून कान किटले होते.

डिस्क खरखर करते म्हणून जिल्ह्याच्या गावी एका दुकानात दिलं होतं. त्यांनी दुसरी हार्डडिस्क काढून घेतली, पैसे घेतले, आणि मशीन हळू करून परत दिलं. पुन्हा गेलो तर सुरू होताना कंपनीचा लोगो दिसत नाही एवढ्यावरच निकाल: "बायोसच बदलला आहे कोणीतरी. हे लिनक्स-बिनक्स काढा, विंडोज टाका." (बायोस म्हणजे बटण दाबताच सगळ्यात आधी चालून मशीन जागं करणारा प्रोग्राम.) डिस्क मागितली तर म्हणे भंगारात गेली.

तू आलीस, चहा बाजूला ठेवलास, आणि काही उघडून बघायच्या आधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्यास. "काका, हे आधी खिशात ठेवा. मग मी हात लावते." त्या फोल्डरात अर्ध्या गावाचे आधार, सातबारे, पासबुकं. ती लोकांनी माझ्या भरवशावर ठेवलेली, आणि तुला ते न सांगता कळलं. दुकानात "यात काही कामाचं आहे का" एवढंही कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगतो, मशीन सुधारलं नसतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

बाकी दुखणं तू दहा मिनिटांत सांगितलंस. भाच्यानं बायोसच्या जागी बसवून दिलेलं कोअरबूट काही सेकंदांतच आपलं काम उरकतं, हे आकडे काढून दाखवलंस. १९९९ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत लिनक्सबायोस म्हणून सुरू झालेलं, २००८ पासून कोअरबूट झालेलं हे काम. दुकानदारानं निदान नाव तरी विचारायचं होतं. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायची जागा, होता त्या काढलेल्या डिस्कवर. डिस्क गेली, पण एफएसटॅबमधली, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली, तिची ओळ तशीच. डेबियन, म्हणजे माझ्या मशीनवरचं लिनक्स, बिचारं आधी अर्धं मिनिट, मग पुन्हा दीड मिनिट तिची वाट पाहायचं, गावाला गेलेल्या माणसाचं ताट वाढून बसावं तसं. तू ती ओळ काढलीस, आणखी काहीतरी केलंस जे मला समजलं नाही, आणि आता चहा गाळेपर्यंत मशीन तयार असतं.

शिकलेली माणसं खूप भेटतात गं. पटवारी असो, डॉक्टर असो की मोटर बांधणारा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना ती दुसऱ्याची आहे हे ध्यानात ठेवणारा फार कमी भेटतो. पॉलिटेक्निकात हे शिकवत असतील असं वाटत नाही. हे घरून येतं. तुझ्या आईबाबांनाही माझा नमस्कार सांग.

पैशाचं तू ऐकलं नाहीस. संक्रांतीला सुट्टी काढून ये, तेव्हा तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. काकू सोल्यांची आमटी करेल. आणि बॅटरी कोणती घ्यायची ते तेवढं कळव, या वेळी मी त्या दुकानात जाणार नाही.

तुझा,
काका