वारली भिंतीसाठी चित्रं : आठवण

सभासदांनो, प्रोजेक्टरने चित्रं पाडलेल्या आणि समोर माणूस आला की हलणाऱ्या आपल्या वारली भिंतीसाठीची चित्रं शुक्रवारी रात्रीपर्यंत द्यायची आहेत. निम्मी आली, निम्मी अजून वहीतच!

चित्र आधी हातानेच काढा, मग स्कॅन करा. संगणकावरची रेघ सरळसोट येते. तांदळाच्या पिठात बुडवलेल्या बांबूच्या काडीची रेघ कुठे जाड, कुठे तुटक असते आणि तोच तिचा जीव. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. ते दोन वेगळ्या लेअरवर ठेवलेत तरच आकृती कमरेत वाकेल, नाचेल. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मधे, नाचणारे त्याच्याभोवती वेटोळ्यात. सेन्सरसमोर कोणी आलं की वेटोळं फिरू लागेल.

लग्नाचा देवचौक मात्र हलवायचा नाही. ते पालघट देवीचं पूजेचं चित्र आहे, खेळणं नव्हे. यावर पुन्हा चर्चा नको.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाच्या खास वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळालं आहे, हे ध्यानात असू द्या. पाड्यावरच्या कलाकाराचं चित्र वापरलंत तर त्यांची परवानगी, मानधन आणि भिंतीवर नाव, तिन्ही हवंच.

पार्श्वभूमी गेरूच्या रंगाची ठेवा, काळी नको. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही.