मागचे फाटक उघडे हवे

संपादक महोदय,

कोणत्या शहरातल्या वस्त्या पायी फिरायला चांगल्या, याच्या तुलना हल्ली बऱ्याच येतात. हा निकष धरला जातो याचे समाधान आहे. पण बहुतेक ठिकाणी घरापासून शाळा, दवाखाना, बाग किती जवळ, यावरच गुण ठरतात. २००७ साली सुरू झालेल्या ‘वॉक स्कोअर’ या गुण देण्याच्या पद्धतीत पाच मिनिटांच्या चालीत असलेल्या सोयीला पूर्ण गुण आणि अर्ध्या तासापलीकडच्या सोयीला शून्य. कल्पना चांगली आहे, पण वाट कशी आहे ते त्यातून पुरते कळत नाही.

आमच्या वसाहतीच्या भिंतीमागेच बसथांबा आहे. बस आलेली खिडकीतून दिसते. मागचे फाटक मात्र सुरक्षेसाठी म्हणून कायम कुलूपबंद. माझ्या काठी टेकत चालणाऱ्या आईला पुढच्या फाटकातून निघून सगळ्या भिंतीला वळसा घालावा लागतो. मध्ये विजेची पेटी पदपथ अडवून उभी आहे. तिथे ती आधी काठी खाली टेकवते, मागे वळून गाडी येत नाही ना ते बघते आणि मगच पाऊल रस्त्यावर ठेवते. बदलीमुळे आधी ज्या शहरात होतो तिथे थांबा लांब होता, पण घरांमधून आरपार बोळ होते. ती एकटी जायची. इथे जात नाही.

रस्त्यांच्या आखणीनेही असाच फरक पडतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या मध्यभागी साधारण ६१ मीटरवर कोपरा येतो, सॉल्ट लेक सिटीच्या जुन्या आखणीत तो थेट २०१ मीटरवर. समोरच्या बाजूला जायचे तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, हे पायी चालणाऱ्यालाच भोगावे लागते.

सिग्नलचेही तेच. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अनेकदा धरले जाते. त्या हिशेबाने २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद मिळतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी म्हातारी व्यक्ती तेवढ्यात १६ मीटरच जाते. उरलेले ८ मीटर तिने गाड्या सुटल्यावर ओलांडायचे का?

तुलना करणाऱ्यांनी दोन कोपऱ्यांमधले अंतर, आरपार वाटा आणि रस्ता ओलांडायला मिळणारा वेळही मोजावा. आणि वसाहतींच्या समित्यांना कळकळीची विनंती, निदान दिवसा तरी मागचे फाटक माणसांपुरते उघडे ठेवा. वाहनांसाठी खुशाल बंद असू द्या.

— एक नियमित वाचक