'खाजवू नकोस' म्हटल्याने खाज थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी चार महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. आज ती नऊ वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत तिने सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'खाजवू नकोस'. पाहुणे म्हणतात, शिक्षक म्हणतात, वाटेत भेटलेली अनोळखी माणसंही म्हणतात. मीही शेकडो वेळा म्हटलं, कधी तर हात धरून, ओरडून. त्याचं आज फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

इसबाची खाज ही खोड नाही. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे त्या सांधणारा चुना. इसब असलेल्या माणसाची ही भिंत कच्ची असते. आतली ओल उडून जाते आणि बाहेरून साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते, आणि ती जी रसायनं सोडते त्यांतली काही थेट खाजेच्या नसांना चेतवतात. खाजवलं की भिंत आणखी ढासळते, की पुन्हा खाज. माझी मुलगी झोपेतही खाजवते. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात आणि तिला काही आठवत नसतं. झोपलेल्या मुलाला काय समजावणार?

फिलॅग्रिन नावाचं प्रथिन ही भिंत मजबूत ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष इसबाचा धोका वाढवतो, हे २००६ मध्ये समोर आलं. हे वाचलं त्या दिवशी 'आपलंच काही चुकलं' ही माझी बोचणी बरीच कमी झाली.

आमचे पहिले काही महिने वाया गेले, कारण चट्टे लाल दिसत नव्हते. सावळ्या त्वचेवर इसब तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसू शकतो. 'नुसता कोरडेपणा आहे' असं सांगून आम्हाला परत पाठवलं गेलं. उलट, खाजणारा प्रत्येक चट्टा इसबच असतो असंही नाही. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि त्यावर नुसतं स्टिरॉइडचं मलम चोळलं तर ते वरवर दबतं, आतून पसरतं. सोरायसिस वेगळा. निकेल किंवा सुगंधी प्रसाधनांमुळे उठणारा इसबही वेगळा. म्हणून दुसऱ्याच्या घरातली ट्यूब आणून लावू नये, एवढं कळकळीने सांगते.

आणि डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम लिहून दिलं असेल, तर भीतीपोटी चिमूटभर लावून सोडूही नये. मी दोन वर्षं तेच केलं. चट्टा अर्धवट बसायचा, आठवड्यात परत उसळायचा. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्याच तर्जनीवर, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, मलमाची रेघ ओढून दाखवली. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, हेही त्यांनी लिहून दिलं. त्वचा मऊ ठेवणारं साधं क्रीम मात्र रोज, आंघोळीनंतर अंग टिपलं की लगेच, चट्टे नसतानाही. भिंतीची डागडुजी रोजचीच.

इसब स्पर्शाने पसरत नाही. तरीही मागच्या वर्षी माझ्या मुलीला वर्गात वेगळं बसवलं गेलं. घरी येऊन तिने मला विचारलं, "आई, मी घाण आहे का?" त्या संध्याकाळबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

आता आमच्या घरी 'खाजवू नकोस' बंद आहे. 'कुठे खाजतंय?' असं विचारतो आणि गार पाण्यात पिळलेला फडका देतो. तिच्या दप्तरात क्रीमची छोटी ट्यूब असते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की अशा मुलाने तास चालू असताना क्रीम लावायला पाच मिनिटं बाहेर जायची परवानगी मागितली, तर ती द्यावी, आणि शक्यतो कारण सगळ्यांसमोर विचारू नये.

आपली,
इसब असलेल्या एका मुलीची आई