मृदंग पुढे घे

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

जहाज सुआपेला लागलंय, ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर. सुट्टी मिळाली म्हणून रेसिफे शहरात जाऊन आलो. जुन्या बंदरालगत रुआ दा मोएदा नावाची गल्ली आहे, तिथं शिको सायन्स या इथल्या गायकाचा पुतळा उभा आहे. मृदंग घातलेलं तुझं गाणं ऐकल्यापासून या माणसाबद्दल तुला लिहायचं डोक्यात होतं.

रेसिफे म्हणजे नद्या, पूल आणि कांदळवन. ओहोटीचा वास थेट आपल्या खाजणाचा. चिखलात हात घालून कुर्ल्या पकडायच्या आणि त्यावर पोट भरायचं, अशी इथली गरीब वस्ती. जोझुए दे कास्त्रो या इथल्याच डॉक्टरने भुकेवर लिहिलं ते याच माणसांना पाहून. 1992 मध्ये इथल्या बँडवाल्या पोरांनी एक जाहीरनामा काढला, मथळा 'मेंदूवाले खेकडे'. त्यांचं चिन्ह काय, तर चिखलात रोवलेला डिश अँटेना! पाय खाजणात आणि कान साऱ्या जगाकडे. मला तर हे फार आवडलं.

शिको 1966 चा, शेजारच्या ओलिंदाचा. ऐंशीच्या दशकात ब्रेकडान्स करत फिरायचा. पुढे पालिकेच्या संगणक कंपनीत नोकरी करत होता, तिथला जिल्मार नावाचा सहकारी त्याला लामेन्तो नेग्रो या वस्तीतल्या ढोलपथकाकडे घेऊन गेला. त्यातूनच शिको सायन्स आणि नासाओ झुम्बी हा बँड उभा राहिला. तुला सांगायचं ते इथंच आहे. ढोलाचा आवाज गाण्यात आला तो वाजवणाऱ्यांसकट आला. जिल्मार स्वतः ढोल घेऊन उभा राहिला.

तो ढोल म्हणजे आल्फाया, मराकातू या इथल्या मिरवणुकीच्या संगीताचा. गुलामगिरीच्या काळात इथले आफ्रिकी लोक आपला राजा निवडून त्याला मुकुट चढवायचे, त्या मिरवणुकांतून मराकातू आलं. लाकडी खोड, बकऱ्याचं कातडं, दोरीने ताणलेलं. अंगाला लटकवून जाड काठीने वाजवतात. 1994 च्या 'दा लामा आओ काओस' या पहिल्या अल्बममध्ये ड्रमसेटवाला नाहीच. ढोलवाले तिघे, ताशासारख्या काइशावर एक, बाकी तालवाद्यांवर आणखी एक. त्यांच्यावर लुसिओ मायाची करकरीत गिटार आणि देंगीचा बेस. मधून शिकोचं रॅप. त्या रॅपची चाल अमेरिकेची कमी आणि इथल्या एम्बोलादाची जास्त. एम्बोलादात दोन गायक हातात खंजिरीसारखं वाद्य घेऊन झरझर शब्द जुळवत एकमेकांची टर उडवतात. आपल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकल्यास, तुला हे वेगळं समजावायला नको.

1996 मध्ये 'आफ्रोसिबेरदेलिया' आला, त्यात जिल्बेर्तो जिलसारखा बुजुर्गही गायला. आणि 2 फेब्रुवारी 1997 ला, कार्निव्हल तोंडावर असताना, रेसिफे-ओलिंदा रस्त्यावर शिकोची गाडी आदळली. वय अवघं 30. बँड मात्र थांबला नाही. ढोल वाजवणारा जोर्जी दु पेशी गायला पुढे आला. मागे उभे केलेले वादक असते तर हे झालं असतं का, मला शंका आहे.

आता तुझं गाणं. शब्द चोख आहेत, आईला ते शिवीचं कडवं ऐकवू नकोस एवढंच. पण मृदंग सुरुवातीला दोन आवर्तनं वाजतो आणि मग त्या 808 ड्रम मशीनच्या ठोक्यांखाली गाडला जातो. बुवांचा मृदंग तू गणपतीत मोबाइलवर टिपलास आणि तोच तुकडा गोल गोल फिरवलास, हे कान देऊन ऐकणाऱ्याला कळतं. बुवा वाजवताना तुझ्या ओळीकडे बघून थांबले असते, धावले असते. तुकडा कुठला थांबतोय!

तेव्हा बुवांना घरी बोलाव. आधी ठेका त्यांना धरू दे, तू त्यावर शब्द बसव. पट्टी चढवायची म्हटली तर त्यांना विचारून. नाव तुझ्या नावाशेजारी, तेवढ्याच अक्षरात. आणि बिदागी आधी ठरव. घरचेच आहेत म्हणून फुकट नको. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, मायक्रोफोनसाठी मागितले होतेस त्यातलेच समज.

परवा इथून सान्तोसला निघतोय. तिथं नेट बरं असतं, तेव्हा नवं रेकॉर्डिंग झालं तर पाठव. आईची औषधं संपत आली असतील, आणून ठेव.

तुझा,
बाबा